‘कसं वाटलं?’ विचारणं आधी थांबवा

ताई,
मी आणि माझे दोन सहकारी सहा वर्षं एक छोटा ग्राफिक डिझाइन स्टुडिओ चालवतो आहोत. पाच महिन्यांपूर्वी एका नावाजलेल्या कंपनीचं काम मिळालं: नवा लोगो, माहितीपुस्तिका आणि वेबसाइटचे बॅनर. ठरलं होतं दीड महिन्याचं. आजवर लोगोचेच एकोणीस नमुने झालेत. मार्केटिंगच्या मॅडमना पसंत पडला तो संचालकांनी नाकारला, आता संचालकांचे मेहुणे मत देऊ लागलेत. दर वेळी ‘एवढं शेवटचं’. निम्मे पैसे आले, उरलेले म्हणे ‘फायनल झालं की लगेच’. आणि परवा व्हॉट्सॲपवर निरोप आला, सगळ्या ओपन फाइल्स (म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइल्स) पाठवून द्या. एक सहकारी म्हणतो, सोडून द्या हे काम. दुसरी म्हणते, मोठं नाव आहे, सांभाळून घेऊ. माझा स्वभाव पहिल्यापासून भिडस्त. मला धंदा जमणारच नाही का?
— एक भिडस्त डिझायनर

प्रिय मैत्रिणी,

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खरं, पण तुमचं घोडं भिडेपाशी अडलेलं मला दिसत नाही. मी तुमच्या पत्रात एक गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही. या कंपनीला लोगो बदलायचा होता तो कशासाठी? पत्रात एकोणीस नमुने आहेत, मॅडम आहेत, संचालक आहेत, मेहुणेही आहेत. पण जुन्या लोगोनं नेमकं काय अडत होतं, नव्यानं काय साधायचं आहे आणि ‘झालं’ म्हणायचा अधिकार कुणाचा, याबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही लिहायला विसरलात असं मला वाटत नाही. ते ठरलेलंच नाही. मग विसावा नमुना कितीही देखणा केलात तरी त्याला कुणीतरी ‘छान आहे, पण...’ म्हणणारच.

म्हणून आजपासून नवा नमुना पाठवणं बंद. हे पहिलं.

मेहुण्यांवर चिडू नका. त्यांना कुणी मुद्दाम तुमच्या वाटेत आणून उभं केलेलं नाही. संचालक घाबरलेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना जन्मात एकदा किंवा दोनदा लोगो निवडायचा असतो, तुम्ही दर महिन्याला निवडता. आणि त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. 2009 साली ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडनं आपलं खोकं बदललं, तर लोकांना दुकानात आपला नेहमीचा रस ओळखू येईना. दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण 20 टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. पुढच्याच वर्षी गॅप या कपड्यांच्या कंपनीनं नवा लोगो जाहीर केला आणि लोकांनी झोडपल्यावर आठवडाभरात मागे घेतला. असं काही कानावर असलेला माणूस सही करताना चार लोकांना विचारणारच. त्याला धीर देणं हा आपल्या कामाचा भाग आहे, आणि नमुन्यांचा ढीग वाढवून धीर मिळत नाही. उलट विसावा पर्याय आला की एकविसाव्यात आणखी काहीतरी बरं असेल, असं माणसाला वाटायला लागतं.

धीर मिळतो कारणांनी. 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्सनं नेक्स्ट या आपल्या नव्या कंपनीचा लोगो पॉल रँड या नामवंत डिझायनरकडून करून घेतला. मानधन होतं एक लाख डॉलर. जॉब्सनं पर्याय मागितले तेव्हा रँडनं साफ सांगितलं, पर्याय मिळणार नाहीत, एकच उत्तर मिळेल. वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आपल्या क्षेत्रात ही गोष्ट फार सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यांचा सगळा जीव रँडच्या रुबाबावर असतो. तो रुबाब आपल्या कामाचा नाही. रँडच्या मागे आयबीएम, यूपीएस, एबीसी यांच्या लोगोंची पुण्याई होती, ती तुमच्या-माझ्या मागे नाही. घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. रँडनं नुसता लोगो टेबलावर टाकला नाही, त्यासोबत एक पुस्तिका दिली. नाव कॅपिटल अक्षरांत लिहिलं तर काय होतं, लहान लिपीत काय होतं, मधला ‘ई’ वेगळा का काढला, अक्षरं ज्यावर बसवली तो घन 28 अंशांत का कलवला, असं पानामागून पान उलगडत शेवटी लोगो समोर येतो. वाचणारा तिथवर पोचेपर्यंत बाकीचे रस्ते त्याच्याच डोळ्यांदेखत बंद झालेले असतात. (एवढं करूनही त्या ‘ई’चा पिवळा जरा उजळ करा, अशी मागणी जॉब्सनं केलीच म्हणतात. रँडनं ती मानली नाही.)

आता तुम्ही नमुने कसे दाखवता ते मी अंदाजानं सांगते. पीडीएफ जोडता, खाली लिहिता, ‘सोबत तीन ऑप्शन पाठवत आहे, कसे वाटले ते कळवा.’ चुकलं असेल तर सोडून द्या. पण बरोबर असेल, तर पाणी इथं मुरतंय. ‘कसं वाटलं’ विचारलंत की समोरचा मनात डोकावतो आणि तिथं जे सापडेल ते सांगतो: मला जांभळा आवडत नाही, हे जरा उदास वाटतं, काहीतरी मिसिंग आहे. प्रश्न तुम्हीच तसा विचारलात, त्यात त्याची काय चूक? त्याऐवजी असं म्हणून बघा: ‘तुमचा लोगो गाडीच्या मागच्या बाजूला आणि मोबाइलच्या ॲपवर, अशा दोन टोकांना चालायला हवा, असं आपलं ठरलं होतं. जुन्या लोगोतल्या बारीक रेघा 16 पिक्सेलच्या चौकोनात एकमेकींत मिसळतात, ते डावीकडे बघा. उजवीकडे नवा, त्याच मापात. हे काम त्यानं केलंय का?’ आता उत्तर द्यायला त्याला बघावं लागेल. जांभळा आवडत नसला तरी ते वाक्य त्याच्या तोंडी आधी येणार नाही.

आणि शक्य तोवर नमुना मेलवर सोडून देऊ नका. समोर बसून किंवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही स्वतः दाखवा. तुमची पीडीएफ तुमच्याशिवाय घरोघरी हिंडते म्हणून तर ती मेहुण्यांच्या हाती पडली.

हातातल्या कामाचं काय करायचं? आज-उद्याकडे एक मेल टाका. व्हॉट्सॲपवर नको, मेलच. बोलताना तुमची जीभ अडखळत असेल, लिहिताना अडखळायचं कारण नाही. भिडस्त माणसांना कागद फार उपयोगी पडतो. मी असा लिहिला असता:

‘नमस्कार. लोगोचं काम पुढे नेण्याआधी काही गोष्टी नक्की करून घेऊ. आजवर दिलेल्या नमुन्यांपैकी क्रमांक 4 आणि क्रमांक 11 हे तुमच्या गरजेच्या सर्वांत जवळ जातात, असं आमचं मत आहे. त्याची कारणं सोबतच्या दोन पानांत दिली आहेत. अंतिम निर्णयात ज्यांचा ज्यांचा सहभाग आहे त्या सर्वांबरोबर एक तासाची बैठक हवी आहे. पुढच्या आठवड्यातला दिवस कळवावा. या दोनांपैकी एक त्या बैठकीत नक्की करू. नक्की झालेल्या लोगोत दोन वेळा बारीक दुरुस्त्या करून देऊ, त्यापुढच्या बदलांचं कोटेशन वेगळं देऊ. बैठक होईपर्यंत नवीन नमुना पाठवणार नाही. आजवर झालेल्या कामाचं बिल सोबत जोडलं आहे.’

यात ‘माफ करा’ नाही, आणि ‘तुम्ही लोकांनी पाच महिने’ हेही नाही. उगाळायचं काहीच नाही. ‘सर्वांबरोबर’ या शब्दावर मात्र ठाम राहा. ‘संचालक फार बिझी असतात, तुम्ही मला सांगा, मी त्यांना दाखवते’ असं मॅडम म्हणतील. म्हणू द्या. निर्णय घेणारा माणूस खोलीत नसेल तर ती बैठक भरवूच नका, कारण तुमची कारणं मॅडमच्या तोंडून संचालकांपर्यंत पोचताना नुसतं ‘त्यांना हे बरं वाटतंय’ एवढंच उरतं. मेहुण्यांनाही बोलवा, खरंच बोलवा. बाहेर बसून मत देणाऱ्या माणसाला टेबलापाशी बसवलं की तो बऱ्याचदा निवळतो.

बिलाबद्दल जरा वेगळं बोलते. ‘फायनल झाल्यावर उरलेले पैसे’ या अटीत एक मोठी मेख आहे: काम करायचं तुम्ही, आणि ते संपलं की नाही हे सांगायचं त्यांनी. निर्णय लांबवला की पैसेही आपोआप लांबतात. कुणी लबाडी करायची गरजच पडत नाही. पुढच्या कामापासून हप्ते तुम्ही केलेल्या टप्प्यांना बांधा. सुरुवातीला काही टक्के, पहिलं सादरीकरण झालं की काही, आणि छापायच्या फाइल्स देण्याआधी उरलेले. शिवाय एक ओळ टाका, की क्लायंटकडून अमुक इतके दिवस उत्तर आलं नाही तर तोवरच्या कामाचं बिल होईल आणि काम पुन्हा सुरू करताना नवी तारीख ठरेल. मध्येच काम रद्द झालं तर काय द्यायचं तेही तिथंच लिहा. आपण लग्नाच्या आधीच घटस्फोटाचं बोलतोय असं तुम्हाला वाटेल. क्लायंटला मात्र तसं वाटत नाही. ज्यांचा रोजचा व्यवहार करारांवर चालतो ती माणसं असा कागद बघून उलट निश्चिंत होतात.

या कामात करार नसेल, तर तुमचं कोटेशन आणि त्यावर आलेला ‘ओके, सुरू करा’ असा मेल शोधून बाजूला काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तेवढंही व्यवहार ठरल्याचा पुरावा म्हणून चालतं. रक्कम मोठी असेल तर वकिलाला एकदा दाखवा.

आता ओपन फाइल्स. सरळ ‘नाही’ म्हणू नका आणि सरळ पाठवूनही देऊ नका, कारण त्या एका मागणीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोगो नक्की झाला आणि पैसे आले, की तो त्यांना व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी फाटणार नाही अशा रूपात, मिळालाच पाहिजे: एसव्हीजी, पीडीएफ, एका रंगातला, काळ्या पार्श्वभूमीवरचा, आणि रंगांचे सीएमवायके (छपाईसाठीचे) व आरजीबी (पडद्यासाठीचे) आकडे. यात कुणी हात आखडता घेतला तर मी क्लायंटच्या बाजूनं उभी राहीन. जो लोगो त्यांना रंगाऱ्याकडे किंवा छापखान्यात देता येत नाही, तो त्यांनी घेऊन करायचं काय? माहितीपुस्तिकेच्या लेआउटची मूळ फाइल हे प्रकरण निराळं. त्यात तुमची कामाची पद्धत आहे, आणि त्यात वापरलेले फॉन्ट तुम्ही तुमच्या नावावर घेतलेले आहेत. बहुतेक फॉन्टच्या परवान्यात ते तिसऱ्याला द्यायची मुभा नसते, विकत घेतलेल्या फोटोंचंही बरेचदा तसंच. तेव्हा लिहा: मूळ फाइल हवी असल्यास तिची किंमत ही, फॉन्टचे परवाने तुमचे तुम्ही घ्यायचे. पुष्कळदा किंमत दिसली की ‘नुसता मजकूर बदलायचा होता हो’ असं बाहेर येतं. मग ते छोटं काम तुम्हीच करून द्या.

ओपन फाइलची मागणी अशी मध्येच का आली, हेही डोक्यात ठेवा. दुसऱ्या कुणाकडे तरी दाखवायचं चाललेलं असू शकतं. वाईट वाटून घेऊ नका, पण म्हणूनच बिल त्याच मेलबरोबर जायला हवं.

‘छोटासा बदल’ आला की काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते, कारण पुढचा क्लायंटही तेच म्हणणार आहे. ‘लोगो मोठा करा’ हे ऐकल्यावर तो मोठा करायला घेऊ नका आणि वादही घालू नका. एवढंच विचारा, ‘काय खटकतंय?’ समजा पुस्तिकेचं मुखपृष्ठ आहे. वर लोगो, मध्ये फोटो, फोटोवर घोषवाक्य, खाली तीन पुरस्कारांचे शिक्के आणि कोपऱ्यात वेबसाइटचा पत्ता. क्लायंट म्हणतो, लोगो मोठा करा. तुम्ही विचारता, काय खटकतंय? तो म्हणतो, ‘आमचं नाव दिसतच नाही हो.’ आता बघा, नाव दिसत नाहीये ते शिक्क्यांमुळे. ते मागच्या पानावर नेलेत आणि लोगोभोवती बोटभर जागा मोकळी सोडलीत, तर लोगो होता तेवढाच राहून नाव दिसायला लागतं. क्लायंटनं दुखणं बरोबर सांगितलं होतं, फक्त औषध स्वतःच लिहून दिलं होतं. औषध ठरवायचे पैसे तुम्ही घेता.

काही गोष्टी मात्र मताच्या नसतातच, त्या मतावर सोडू नका. फिकट करड्या अक्षरांवर भांडण झालं, तर वेबवरच्या वाचनीयतेच्या मानकांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 : 1 इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, सांगितलेला आहे. मोजून दाखवा, विषय संपला. पडद्यावरचा झगझगीत निळा छापून तसाच येणार नाही, कारण पडदा प्रकाश मिसळतो आणि छापखाना शाई. हे कागदावरचा प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, हातात देऊन आधीच दाखवा, नंतर हजार प्रती आल्यावर समजावत बसू नका. त्या प्रूफवर सही घ्या. फोन नंबर, नावं, पत्ते तपासायची जबाबदारी सही करणाऱ्याची, असं सहीच्या वरच छापलेलं असू द्या. एका चुकलेल्या आकड्यावरून जुन्या ओळखी तुटताना मी पाहिल्या आहेत, आणि दोन्ही बाजू मनापासून म्हणत होत्या, ते तुम्ही बघायला हवं होतं.

दराबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण ‘पाच मिनिटांचं तर काम’ हे तुम्हाला ऐकवलं गेलं असणार. 1998 साली सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा डिझायनर पॉला शेर यांनी सिटी या एकत्रित कंपनीच्या लोगोचं पहिलं रेखाटन बैठकीतच एका नॅपकिनवर केलं. आखायला काही क्षण लागले असतील. त्यानंतरचा सगळा वेळ तो तिथल्या माणसांना पटवण्यात गेला. तुमच्या कोटेशनमध्ये या पटवण्याच्या कामाला रकाना आहे का? बैठका, सादरीकरण, मेल, फोन, छापखान्याच्या फेऱ्या? नसेल, तर गेले पाच महिने तुम्ही बहुतांशी फुकट केलेलं काम तेच आहे. ताशी दर लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हात जसजसा सराईत होतो तसतसं त्या हिशेबात आपणच स्वस्त होत जातो. पूर्ण कामाची एक रक्कम सांगा, तीत काय येतं आणि काय येत नाही ते लिहा, आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती ते आकड्यात लिहा. ‘समाधान होईपर्यंत’ हे शब्द तुमच्या कोटेशनमध्ये कुठे असतील तर आजच खोडा.

पुढच्या कामाच्या पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडू नका. नुसतं विचारत राहा. आत्ता का बदलताय? नाही बदललं तर काय बिघडेल? हे वर्षभरानं यशस्वी झालं म्हणायला काय दिसायला हवं? यावर सही कोण करणार, आणि सही करण्याआधी ते घरी कुणाला दाखवतील? शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात आणि खरं सांगतात. घरी जाऊन ही उत्तरं एका पानावर लिहून काढा, त्यांना पाठवा, ‘बरोबर’ म्हणून उत्तर येईपर्यंत रेघ मारू नका. पुढची सगळी सादरीकरणं या पानावरून सुरू करायची.

आता तुमच्या दोन सहकाऱ्यांचा वाद. सोडून देऊ नका, निदान आत्ता तरी. अर्धवट सोडलेल्या कामाचे उरलेले पैसे वसूल करणं हे काम संपवण्यापेक्षा अवघड असतं, आणि या क्लायंटला सरळ शब्दांत अजून कुणी काही सांगितलेलंच नाही. एक संधी त्यांची बनते. पण ‘मोठं नाव आहे, सांभाळून घेऊ’ हेही मला पटत नाही. पाच महिने तिघांचा किती वेळ या एका कामात गेला आणि त्या वेळात कुठली कामं परत पाठवली, हे एका कागदावर मांडून असं म्हणणाऱ्या सहकारी मैत्रिणीपुढे ठेवा. मोठ्या नावाचा खरा फायदा इतकाच, की ते काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवता येतं, आणि तशी लेखी परवानगी तुम्ही घेतली आहे का? नसेल तर त्या बैठकीतच मागा. मेलला दोन आठवडे उत्तर आलं नाही किंवा बैठकीनंतरही ‘अजून दोन बघू’ सुरू झालं, तर मात्र झालेल्या कामाचा हिशेब चुकता करून सभ्यपणे बाहेर पडा. तेव्हा माझं मत तुमच्या पहिल्या सहकाऱ्याच्या बाजूला असेल.

बैठकीला त्यालाच बरोबर न्या. बोलायचं तुम्ही, टिपणं त्यानं घ्यायची. कोण काय म्हणालं आणि काय ठरलं, त्याच संध्याकाळी सगळ्यांना मेलवर गेलं पाहिजे. आणि त्याला एक काम आणखी देऊन ठेवा: मध्येच तुमच्या तोंडून सवयीनं ‘बघते हं करून’ निघायला लागलं, की त्यानं पाणी मागायचं.